३० सप्टेंबरचा पट

प्राथमिक शाळेच्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस कोणता, असे विचारले तर बहुतेक जण १५ जून सांगतील. कोणी १५ ऑगस्ट म्हणेल, कोणी निकालाचा दिवस. शाळेच्या दप्तराला विचारले तर उत्तर येते ३० सप्टेंबर. त्या दिवशी पटावर जितकी मुले असतील तो आकडा यू-डायसच्या माहितीत जातो. त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळायचे ते ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन असे गणित घालून दिलेले आहे. साठाच्या वर एक मूल असणे किंवा नसणे यावर एक वर्ग हाताशी राहतो किंवा जातो. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस खेड्यातले गुरुजी सायकलवर, मोटारसायकलवर, पायी वाड्या-वस्त्या हिंडताना दिसतात. मुले शोधून आणून बसवली जातात, आधार जुळवले जाते, आकडा भरला जातो.

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात या दिवसानंतर दोन-चार आठवड्यांत गावात ट्रक येतात.

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज, आणि शेजारचे पाथर्डी हा बालाघाटाच्या रांगांचा मुलूख. पाऊस थोडा, जमीन हलकी, खरिपाचे एक पीक आले तर आले. दसरा झाला की इथली माणसे ऊसतोडीला निघतात. पत्र्याची पेटी, पिठाचे पोते, सरपणाची मोळी, दोन कोंबड्या, एखादी शेळी आणि लेकरे ट्रकमध्ये चढतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे किंवा सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे रवाना होतात. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की. सरकारी कागदावर शाळेचे वर्ष अखंड आहे. या भागातल्या शाळेचे वर्ष मात्र दिवाळीपाशी मोडते. आपण ज्या सुट्टीत किल्ले बांधतो आणि दिवाळी अंक चाळतो, तिच्या अलीकडचा वर्ग आणि पलीकडचा वर्ग हे या गावांत दोन वेगळे वर्ग असतात.

मी शिक्षिका नाही. शिक्षणशास्त्राची पदवी नाही, कुठल्या संशोधन प्रकल्पाचे पाठबळही नाही. जुनी दप्तरे वाचण्याचा नाद आहे, आणि त्या नादापायी गेली काही वर्षे या पट्ट्यातल्या शाळांत जाऊन बसते. कोणी हजेरीपट दाखवतो, कोणी प्रवेश-निर्गम नोंदवही, कोणी व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. दप्तर वाचायचे तर एका शाळेचे सलग वर्ष वाचावे, असे माझे मत झाले आहे. एका दिवशी दिलेल्या भेटीत दिसतात त्या रंगवलेल्या भिंती. या लेखात ज्या शाळेचा आधार मी वारंवार घेणार आहे तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या काही गोष्टी नियमात बसतील अशा नाहीत. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, समोर लिंबाचे झाड. अशा शाळा या भागात हव्या तितक्या सापडतील.

आधी ऊसतोडीचे गणित सांगितले पाहिजे, कारण ते कळल्याशिवाय मूल शाळा का सोडते हे कळत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम कारखान्याकडून पैसे उचलतो आणि हंगामाआधीच कोयत्यामागे उचल देतो. ती तोड करून फेडायची. एक दिवस काम पडले तर खाडा लागतो. तोडलेला ऊस ठेवून चालत नाही, त्यातली साखर उतरते, म्हणून तोड, मोळी, भरणी आणि गाळप ही एकच साखळी असते. कारखाना चोवीस तास चालतो. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरावी लागते. या कामाला घड्याळ नाही आणि शाळेला घड्याळाशिवाय दुसरे काही नाही. फडावरच्या मुलाला जवळच्या गावातल्या शाळेत घाला, असे सांगणे सोपे आहे. आई पहाटे अंधारात फडात गेलेली, धाकटे भावंड कोपीत झोपलेले, मग शाळेत जायचे कोणी? बहुतेक वेळा आठ-नऊ वर्षांची मुलगी मागे राहते, भाकरी थापते, लेकरू सांभाळते. मुलगा वाढे गोळा करतो. उचलीच्या हिशेबात यांची नावे कुठेही नसतात, पण त्यांच्यावाचून कोयता पूर्ण चालत नाही.

हे आजचे नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास गाळप करू लागला, पुढच्या दोन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली आणि तोडीला माणसे लागू लागली. १९७२ च्या दुष्काळाने या डोंगरातल्या माणसांना मोठ्या प्रमाणावर बाहेर ढकलले. म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलांचे आजोबा-आजीसुद्धा तोडीला गेलेले आहेत. या आजी-आजोबांकडे पुढे यायचे आहे, कारण माझ्या मते या शाळांचे खरे भागीदार तेच आहेत.

एक योगायोग इथे नोंदवते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. त्याआधी १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली होती. ज्या भूमीवर ही सक्ती इतक्या लवकर आली, त्याच कोल्हापूरच्या फडांत शंभर वर्षांनंतर बालाघाटातली मुले शाळेच्या वेळेत वाढे वाहताना दिसतात. शाहू महाराजांच्या काळात दंड पालकाला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही जबाबदारी उलटी करून शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे स्वच्छ लिहिले आहे. कोणत्या गावच्या प्राधिकरणाचे, जिथून मूल जाते त्या की जिथे जाते त्या, हा प्रश्न मात्र प्रत्यक्षात हवेत राहतो. मूळ शाळा म्हणते, मूल आमच्या पटावर आहे. फडाजवळची शाळा म्हणते, मूल आमच्या पटावर नाही. दोघांचेही खरे असते.

उत्तरे शोधली गेली नाहीत असे नाही. पहिले उत्तर होते साखरशाळा. कारखान्याच्या परिसरात हंगामापुरती शाळा, तिथेच शिक्षक. कल्पनेमागे मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तिथे अनुताई वाघांसह त्यांनी एक साधी गोष्ट करून दाखवली: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाल्या त्या याच विचारातून. साखरशाळा ही त्याच वाटेवरची. पण कुरण आणि फड यांत फरक आहे. गुरे रोज त्याच माळावर येतात. तोडीची टोळी एका फडावर टिकत नाही. बैलगाडीवाल्या मजुरांचा तळ कारखान्याजवळ एका जागी पडतो, त्यांच्या मुलांना साखरशाळेचा उपयोग झाला. ट्रक-ट्रॅक्टरवरच्या टोळ्या आज या शिवारात, आठ दिवसांनी पुढच्या, त्यांच्यापर्यंत शाळा पोहोचणे अवघड होते. शिवाय मार्चमध्ये गावी परतल्यावर मूळ शाळेत त्या शिकण्याची नोंद लागेलच असे नव्हते. शिक्षण हक्क कायद्यानंतर नियमित शाळेतच प्रवेश, हे धोरण झाले आणि साखरशाळा मागे पडल्या. पुढे स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचे, ते दाखवून त्याने जाईल तिथल्या शाळेत बसायचे, अशी व्यवस्था आली. २०१७ पासून बालरक्षक म्हणून शिक्षकांनी स्वतःहून शाळाबाह्य मुलांच्या मागे लागण्याचे काम सुरू केले. कार्ड चांगले आहे. पण कार्ड मुलाला फडापासून शाळेपर्यंत चालवत नेत नाही.

दुसरे उत्तर म्हणजे हंगामी वसतिगृह, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. नावावरून इमारत, खाटा, अधीक्षक असे काही डोळ्यांपुढे येईल. तसे काही नसते. मूल तोडीला न जाता गावातच आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे, मामाकडे राहते आणि तिथेच झोपते. दुपारचे जेवण शालेय पोषण आहारातून मिळतेच. सकाळ-संध्याकाळचे जेवण या योजनेतून शाळेत मिळते. एवढेच. योजना चालवते शाळा व्यवस्थापन समिती, पैसे तिच्या खात्यावर येतात, स्वयंपाकाला गावातल्या बायका. माझ्या पाहण्यात शिक्षणखात्याची जितकी कामे आली त्यांत इतकी कमी खर्चाची आणि इतकी मुद्द्याला हात घालणारी दुसरी नाही. कारण तिने नेमका प्रश्न ओळखला: आई-बाप मुलाला बरोबर नेतात ते हौसेने नव्हे, मागे ठेवले तर त्याला करून घालणार कोण म्हणून. थकलेली आजी मूल सांभाळायला तयार असते, पण दोन्ही वेळ चूल पेटवणे आणि आणखी दोन-तीन तोंडे भरणे तिला झेपत नाही. योजनेने चूल उचलली, उरलेले आजीने उचलले.

मी ज्या शाळेबद्दल बोलते आहे तिथली एक आजी नातू-नातीला घेऊन संध्याकाळी जेवणाच्या वेळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसते. मी विचारले, घरून पोरे एकटी येत नाहीत का? म्हणाली, "येत्यात की. पण अंधारात परत जायला बॅटरी माज्यापशी हाय." बस, एवढेच काम. श्रावणबाळचे पैसे, दोन शेळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि ही बॅटरी. सरकारी अहवालात 'लोकसहभाग' या रकान्यात तिची नोंद करायला जागा नाही, कारण तिथे रक्कम लिहावी लागते.

लोकसहभाग हा शब्द गेल्या दहा वर्षांत फार जड झाला आहे. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला आणि गावांनी खरोखरच वर्गण्या काढल्या; शाळा रंगल्या, टीव्ही बसले, ज्ञानरचनावादी फरश्या आखल्या गेल्या. त्याला मी नावे ठेवणार नाही. उदास खोलीपेक्षा रंगीत खोली बरी. पण लोकसहभाग म्हणजे लोकांनी दिलेले पैसे, अशी समजूत झाली, आणि अशा समजुतीत गरीब गावाची शाळा नेहमीच कमी भागीदार असलेली ठरते. या शाळेच्या भिंतीवरही टीव्हीच्या देणगीदारांची यादी तेलरंगात आहे. एका वर्षी वसतिगृहाची मंजुरी यायला उशीर झाला तेव्हा किराणा दुकानदाराने उधारीवर माल दिला आणि घरटी पायली-पायली ज्वारी गोळा झाली. ती ज्वारी देणाऱ्यांची नावे कोणत्याही भिंतीवर नाहीत. इतिवृत्तात एक ओळ आहे, "धान्य जमा झाले."

या उशिराबद्दल थोडे बोलायला हवे. कामाची रीत अशी: शिक्षक सर्वेक्षण करतात, कोण जाणार आणि कोणाचे मूल मागे राहणार याची यादी होते, समितीचा ठराव होतो, प्रस्ताव केंद्रप्रमुखामार्फत वर जातो, तपासणी होते, मंजुरी येते, मग पैसे. प्रत्येक पायरीला कारण आहे. डोक्यामागे पैसे मिळू लागले की डोकी वाढतात, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. वसतिगृहांत बनावट मुले दाखवल्याच्या तक्रारी झाल्या, त्यानंतर तपासण्या वाढल्या. गावाचा सहभाग म्हटला म्हणजे सगळे धुतल्या तांदळाचे, असे मी म्हणणार नाही. पण ट्रक मंजुरीची वाट पाहत नाहीत. आई-बापांना ट्रकमध्ये चढायच्या दिवशी ठरवायचे असते की पोराला खाली उतरवायचे की वर घ्यायचे. त्या दिवशी शाळेत चूल पेटलेली दिसली तर पोर उतरते. "पुढच्या महिन्यात सुरू होईल" असे उत्तर मिळाले तर ते पोर गेले, आणि मग पुढच्या महिन्यात चूल पेटून त्याला उपयोग नाही. महिनाभराचा उशीर हा कागदावर महिनाभराचा उशीर असतो, मुलाच्या बाबतीत तो अख्ख्या सत्राचा असतो.

दुसरी अडचण मला इतिवृत्त वाचताना दिसली आणि ती कोणी मुद्दाम केलेली नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आई-वडील किंवा पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. फार चांगली तरतूद आहे. पण इथे नोव्हेंबर लागला की समितीच तोडीला जाते! अध्यक्ष सांगलीकडे, उपाध्यक्षा कर्नाटकात. जी समिती वसतिगृह चालवायची तिचेच सदस्य ते ज्यांच्यासाठी चालवायचे त्यांचे आई-बाप. मग सह्या कशा होतात, हे मी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. उपाय कायद्यातच आहे. 'आई-वडील किंवा पालक' यातला दुसरा शब्द वापरावा आणि आजी-आजोबांना सदस्य करावे. या शाळेने गेल्या वेळी तीन आज्या घेतल्या. बैठकीत त्यांनी मांडलेला पहिला विषय टीव्हीचा नव्हता. संध्याकाळचे जेवण साडेपाचला द्या, सातला नको, म्हणजे दिवस आहे तोवर पोरे घरी पोहोचतील, हा होता. त्यानंतर जेवणाची वेळ बदलली. बॅटरी मात्र आजी अजून आणते.

आता मुलांच्या प्रगतीकडे. या शाळेतले एक गुरुजी स्वतःची एक वही ठेवतात. 'असर'च्या पाहणीत वाचनाची जी शिडी वापरतात, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, तीच त्यांनी घेतली आहे आणि प्रत्येक मुलासमोर वर्षातून तीनदा खूण केली आहे: ऑगस्ट, डिसेंबर, एप्रिल. सरकारच्या संकलित मूल्यमापनाशी या वहीचा संबंध नाही. मी तिची पाने पुन्हा पुन्हा पाहिली. पहिलीतल्या मुलांचे चित्र सर्वांत बोलके आहे. मराठी वाचनाचे असे आहे की दिवाळीपर्यंत बरीच अक्षरे, काना, वेलांटी, उकार हातात येतात, पण ती जुळून वाक्य होण्याचा काळ दिवाळीनंतरचा. जोडाक्षरे आणि रफार तर त्याच्याही पुढे. गणितात हातच्याची वजाबाकी अशीच मागून येते. म्हणजे जे मूल नोव्हेंबरमध्ये जाते ते बरोबर त्या उंबरठ्यावरून जाते जिथून वाचणे सुरू व्हायचे असते. एप्रिलमध्ये परत येते तेव्हा होते ती अक्षरेही निसटलेली असतात. जूनमध्ये ते दुसरीत बसते. ऑक्टोबरपर्यंत पुन्हा अक्षरे. पुन्हा ट्रक. चौथीपर्यंत त्याने चार वेळा वर्णमाला शिकलेली असते आणि एकदाही गोष्ट वाचलेली नसते.

अलीकडे बालभारतीची पुस्तके भागांमध्ये विभागली गेली तेव्हा ही गोष्ट डोळ्यांना दिसण्यासारखी झाली. परतलेल्या मुलांच्या पिशवीत पहिले दोन भाग फाटलेले, तेलकट, चित्रांवर मिशा काढलेले. पुढचे भाग कोरे करकरीत.

जी मुले मागे राहिली त्यांच्या ओळीत खुणा पुढे सरकतात. सगळ्यांच्या सारख्या नाही, एक मुलगा डिसेंबरमध्ये मागेच आला आहे, त्याच्यापुढे गुरुजींनी बारीक अक्षरांत लिहिले आहे, "आईची आठवण." पण बहुतेकांच्या सरकतात, आणि याला एक कारण आहे जे कोणी उघड बोलत नाही. दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो. चार इयत्ता दोन शिक्षकांनी सांभाळायच्या त्या शाळेत मुलामागे मिळणारा वेळ दुप्पट होतो. संध्याकाळच्या जेवणाआधीचा तास शिल्लक असतो, त्यात गोष्टींची पुस्तके निघतात. रात्री आईचा फोन येतो तेव्हा पोरे फोनवर धडा वाचून दाखवतात. आईला अक्षर येत नसते, ती चूक काढू शकत नाही, "अजून वाच" एवढेच म्हणते. गुरुजींच्या मते वाचनाचा इतका चांगला सराव वर्गात होत नाही.

तेव्हा मागे राहिलेले मूल शिकते, हे या वहीतून मला पटले आहे. पण त्याची किंमत नाही असे समजू नये. सहा-सात वर्षांचे लेकरू सहा महिने आईपासून दूर राहते. त्याला ताप आला तर आजी फोन करते, आणि आई खाडा सोसून येऊ शकेलच असे नाही. सहा वर्षांखालची मुले तर योजनेत बसतच नाहीत, ती ट्रकमध्ये जातात, आणि त्यांना सांभाळायला एखादी मोठी बहीण शाळेतून काढली जाते. मोठ्या मुलींचे आणखी वेगळे आहे. अकरा-बारा वर्षांची नात अंगावर घ्यायला आजी कचरते. "पोरगी हाय, जिम्मा कोन घील," हे मी एकाहून अधिक ओट्यांवर ऐकले. ती मुलगी मग फडावर जाते, आणि तिथून तिचे लग्न फार लांब नसते. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी खरीखुरी वसतिगृहे. ती मोठ्या मुलींसाठी हवीच आहेत. पहिलीतल्या लेकराला तालुक्याला ठेवता येत नाही. त्याला आजीच लागते.

आता ३० सप्टेंबरकडे परत येते. मूल मोजायचा दिवस निवडताना कोणी कट केला असे मला वाटत नाही. राज्यभर, देशभर एकच तारीख लागते, आणि जूनची गडबड ओसरल्यावरची तारीख म्हणून ती ठीकच आहे. पण या पट्ट्यात ती नेमकी अशी पडते की सगळी मुले मोजली जातात आणि मोजून झाल्यावर जातात. वर्षाच्या अखेरीला कागद सांगतो की शाळेत इतकी मुले होती, शिक्षक इतके होते, कामाचे दोनशे दिवस भरले. यातले काहीही खोटे नसते. दोनशे दिवस शाळा भरली, मूल नव्वद दिवस होते. पटाच्या रकान्यात हा फरक दिसत नाही. तो हजेरीपटात दिसतो, आणि हजेरीपट कोणी वर मागवत नाही. माझे म्हणणे एवढेच की या तालुक्यांपुरती दुसरी मोजणी जानेवारीच्या मध्यात करावी. शिक्षक कमी करण्यासाठी नव्हे. तशी भीती घातली तर दुसऱ्या मोजणीलाही मुले शोधून आणून बसवली जातील. वसतिगृहाचे पैसे आदल्या वर्षीच्या जानेवारीच्या आकड्यावर सप्टेंबरमध्येच समितीच्या खात्यावर पाठवावेत, पुढचा हिशेब नंतर जुळवावा. माल आधी, तपासणी नंतर. किराणा दुकानदाराला जे जमते ते खात्याला का जमू नये?

यादी इतक्या लवकर कशी करणार, असा आक्षेप एका अधिकाऱ्याने माझ्याशी बोलताना घेतला. कोण जाणार हे ऑक्टोबरशिवाय कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. पण एका माणसाला ते आषाढातच कळलेले असते. मुकादम पावसाळा लागताच उचल वाटत फिरतो, आणि त्याच्या वहीत कोयत्यागणिक नावे लिहिलेली असतात. या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, त्यांना गावात सगळे बाई म्हणतात, गेल्या जुलैत गावातल्या मुकादमाच्या घरी गेल्या, चहा घेतला आणि ती वही मागितली. तो आधी हसला. मग त्याने नावे वाचली आणि बाईंनी प्रत्येक कोयत्यापुढे त्या घरची मुले लिहून घेतली: किती, कितवीत, मागे कोण आहे. काही घरांपुढे मागे कोणीच नव्हते. त्यातल्या दोन घरांतली मुले शेजारच्या म्हाताऱ्यांकडे ठेवायचे ऑगस्टमध्येच ठरले. मुकादमाचा स्वतःचा नातूही त्या यादीत होता.